पाण्याखालची हवा कोण तपासणार?

मालवणला सहलीला गेलेल्या तुमच्यापैकी पुष्कळांनी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नांगरून ठेवलेल्या होड्या पाहिल्या असतील. पाठीवर हवेचे सिलिंडर, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा अशा थाटात माणसे त्या होड्यांवरून पाण्यात उतरतात. वीस-पंचवीस मिनिटे प्रवाळ आणि रंगीबेरंगी मासे पाहून ती हसत वर येतात. पाण्याखाली काढलेले छायाचित्र घरी मिरवतात. तारकर्ली, गोव्याजवळचे ग्रँड बेट, अंदमानातील हॅवलॉक, सगळीकडे हेच दृश्य दिसते. यालाच 'स्कूबा' म्हणतात. ज्याला साधे पोहताही येत नाही, असा माणूससुद्धा आज पैसे भरून समुद्राचा तळ पाहून येऊ शकतो.

ही चांगली गोष्ट आहे. समुद्राकाठी राहूनही समुद्राच्या आतले जग न पाहणारी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय त्यामुळे मोडते आहे. पण होडीत बसण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा. त्या सिलिंडरमधील हवा कोणी तपासली? जो माणूस आपल्याला खाली नेणार, तो आपल्याला सुखरूप वर आणू शकतो हे कोणी पडताळून पाहिले? 'केंद्राच्या मालकाने' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ते का पुरेसे नाही, हे समजण्यासाठी आधी थोडे पदार्थविज्ञान पाहू.

घरी एक साधा प्रयोग करा. वीस मिलिलिटरची, सुई नसलेली प्लॅस्टिकची पिचकारी घ्या. दट्ट्या पूर्ण मागे ओढा, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबत आतली हवा निम्म्या जागेत बसवून पाहा. साधारण तीन किलो वजनाइतका जोर लागेल. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे तीन चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, अर्थात एका वातावरणाइतका जादा दाब झाला. समुद्रात दहा मीटर खाली गेले की नेमका एवढाच दाब वाढतो. जमिनीवर एक वातावरण, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन, तीस मीटरवर चार. आता दट्ट्या सोडा. तो झटक्यात मागे येतो. रॉबर्ट बॉइल याने १६६२ साली मांडलेला नियम तुम्ही पुस्तकात वाचलाच असेल. तोच नियम येथे तुमच्या बोटाखाली काम करतो.

पिचकारीच्या जागी आता आपली फुप्फुसे कल्पा. विहिरीत सूर मारणारा मुलगा वरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली त्याची फुप्फुसे दबतात, वर येताना पुन्हा पूर्ववत होतात. त्याने श्वास रोखून धरला तरी छातीत मुळात होती त्याहून जास्त हवा कधीच नसते. स्कूबात मात्र गोष्ट उलटी आहे. तेथे सिलिंडरवरील दाबनियंत्रक पाणबुड्याला आसपासच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरवतो. झाक-ईव्ह कूस्तो आणि एमील गान्यां यांनी १९४३ साली ही युक्ती साधली आणि माणूस खऱ्या अर्थाने पाण्याखाली मोकळा फिरू लागला. परंतु दहा मीटरवर पाच लिटर हवा छातीत भरून घेऊन कोणी श्वास रोखून वर आला, तर तिला पृष्ठभागावर दहा लिटर जागा लागेल. एवढी जागा छातीत नाही. फुप्फुसातील नाजूक पिशव्या फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अडवू शकतात. यात मृत्यू यायला काही मिनिटेही पुरतात.

याला किती खोली लागते? पूर्ण भरलेली फुप्फुसे घेऊन श्वास रोखला, तर सव्वा मीटरभर वर येणेही पुरते, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे तुमच्या कमरेच्या वरपर्यंत येणाऱ्या पाण्यातही हा अपघात घडू शकतो! दुसरी गोष्ट पाहा. तीस मीटरवरून वीसवर येताना दाब चारावरून तीनावर येतो, म्हणजे हवा सव्वापटीहून थोडी अधिक फुगते. दहावरून शून्यावर येताना ती दुप्पट होते. सर्वांत धोक्याचा टप्पा तळाशी नसून पृष्ठभागालगत आहे. म्हणून किनाऱ्यावर 'अहो, पाणी काही खोल नाही, घाबरू नका' असे जे आश्वासन मिळते, त्याला शास्त्रीय आधार नाही.

आणि यातली खरी मेख निराळीच आहे. गावाकडे पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट शिकवलेली असते: नाकातोंडात पाणी जाऊ लागले की श्वास रोख आणि झटकन वर ये. विहिरीत ही सवय जीव वाचवते. स्कूबात तीच सवय जीव घेऊ शकते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही घाबरल्यावर नेमके चुकीचेच सुचते, कारण त्याचे शरीर तसे घडलेले असते. 'श्वास कधीही रोखू नका, वर येताना श्वास सोडत हळूहळू या' हा स्कूबातील पहिला नियम आहे. तो दोन मिनिटांत ऐकवता येतो, पण अंगवळणी पडायला सराव लागतो. पर्यटकाला तो सराव नसतो. म्हणून त्याच्या सिलिंडरला धरून असलेल्या पाणबुड्याच्या हातात त्याचा जीव असतो.

दाबाच्या या शास्त्राचा आपल्या देशाशी एक जिव्हाळ्याचा संबंध आहे, तो जाता जाता सांगतो. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांना दाबाच्या कोठडीत ठेवून प्रयोग केले आणि खोलवरून किती टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. जादा दाबाखाली नत्रवायू रक्तात आणि ऊतींत विरघळतो. दाब एकदम कमी केला तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाच्या पेट्यांत काम करणारे मजूर आणि स्वतः मुख्य अभियंता रोब्लिंग याच विकाराने जायबंदी झाले होते. हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन. 'थीटिस' ही पाणबुडी १९३९ साली बुडाली, तेव्हा आतली माणसे कशाने मेली हे शोधण्यासाठी हा गृहस्थ स्वतःच दाबाच्या कोठडीत बसला. असल्या प्रयोगांत कानाचे पडदे फाटले तरी त्याने ते थट्टेवारी नेले. पुढे १९५७ साली तो भारतात आला, येथलाच नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. पाण्याखालच्या सुरक्षिततेचा प्रत्येक नियम असा कोणाच्या तरी शरीराची किंमत देऊन मिळालेला आहे. तो नियम आपण कागदावरही उतरवू नये, याला काय म्हणावे?

आता हवेकडे वळू. पुष्कळांना वाटते की सिलिंडरमध्ये प्राणवायू असतो. तसे नाही. त्यात तुमच्या-आमच्या भोवतालची साधी हवाच सुमारे दोनशे वातावरण दाबाने ठासून भरलेली असते. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे चोवीसशे लिटर हवा मावते. ती भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालत असेल आणि इंजिनाचा धूर हवा आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी येत असेल, तर त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट जोडला जातो. शिवाय तीस मीटरवर दाब चौपट म्हणून त्याचा प्रभावही चौपट! युरोपातील मानकानुसार पाणबुड्यांच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत पाच भागांहून अधिक असता कामा नये. हे नाकाने ओळखता येत नाही. त्यासाठी मापक लागतो, गाळणी वेळेवर बदलावी लागते आणि त्याची नोंद ठेवावी लागते.

तरीही सगळा दोष यंत्रांवर ढकलू नये. अमेरिकेत पाणबुड्यांच्या ९४७ मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या घटनांत सुरुवातीचे कारण ठरवता आले, त्यांतील ४१ टक्के घटनांत ते हवा संपत येणे हे होते. उपकरणातील बिघाड सुमारे १५ टक्क्यांतच आढळला. हवा संपते ती बहुतेकदा मापकाच्या काट्याकडे कोणी पाहिले नाही म्हणून. म्हणजे प्रश्न मुख्यतः शिस्तीचा आहे, आणि शिस्त अशी गोष्ट आहे की ती बाहेरून कोणी पाहत असेल तर अधिक टिकते.

आता परवान्याचा मुद्दा घेऊ. वाण्याच्या दुकानात तुम्ही साखर घेता तेव्हा वजने खरी आहेत की नाहीत हे स्वतः तपासता का? नाही. वजनमापे खात्याचा माणूस ठरावीक मुदतीने येऊन काट्यावर शिक्का मारून जातो, म्हणून आपण निर्धास्त असतो. जेथे गिऱ्हाइकाला मालाची पारख करता येत नाही, तेथे तिसऱ्या माणसाची गरज असते. साखर छटाकभर कमी मिळाली तर नुकसान थोडे. येथे मात्र गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली जाते आहे. त्याला दाबमापकाचा काटा वाचता येत नाही, गाळणी कधी बदलली हे ठाऊक नसते, पाणबुड्याचे प्रमाणपत्र खरे की खोटे हेही कळत नाही. तरी किनाऱ्यावर त्याच्यापुढे एक छापील कागद येतो: काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही, खाली सही करा. जो धोका त्याला समजलेलाच नाही, त्याला त्याने संमती दिली असे म्हणणे ही निव्वळ पळवाट आहे.

इतर देशांनी निरनिराळे मार्ग धरले आहेत. इस्राएलने १९७९ सालीच करमणुकीच्या डुबकीसाठी स्वतंत्र कायदा केला. मालदीवच्या २००३ सालच्या नियमांत तीस मीटरची खोलीमर्यादा घातलेली आहे. ब्रिटनमध्ये गिऱ्हाइकांना खाली नेणारा प्रशिक्षक हा कामगार ठरतो आणि १९९७ सालचे कामाच्या ठिकाणच्या डुबकीविषयीचे नियम त्याला लागू होतात. अमेरिकेत मात्र या हौशी खेळासाठी केंद्र सरकारचा परवाना नाही. तेथे पॅडी, नौई यांसारख्या प्रशिक्षण संस्थांनी स्वतःच मानके घालून घेतली आहेत आणि त्यांचे कार्ड असल्याशिवाय सिलिंडर सहसा भरून मिळत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची मानके आहेत: २४८०१ क्रमांकाचे पाणबुड्यांसाठी, २४८०२ प्रशिक्षकांसाठी, २४८०३ केंद्रांसाठी आणि ११,१२१ क्रमांकाचे नवशिक्यांच्या पहिल्या ओळखीच्या डुबकीसाठी.

अमेरिकेचे उदाहरण देऊन काही जण म्हणतात, 'सरकार कशाला मध्ये? धंदा आपली शिस्त आपण लावील.' या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण कार्ड असलेला पाणबुड्या हा शिकलेला माणूस असतो. वाईट केंद्र तो ओळखू शकतो आणि दुसरीकडे जाऊ शकतो. आपल्या किनाऱ्यावरचे बहुसंख्य गिऱ्हाईक एकदाच येते आणि पुन्हा कधी येत नाही. अशा ठिकाणी बाजाराची शिस्त लागायची कशी?

ऑस्ट्रेलियाची एक घटना येथे सांगायलाच हवी. जानेवारी १९९८ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफवर एक जोडपे पाण्याखाली असतानाच त्यांची होडी किनाऱ्याकडे निघून गेली. होडीवर परतलेल्यांची मोजणी चुकली होती. ते दोघे मागे राहिले आहेत हे लक्षात यायला दोन दिवस लागले आणि ते पुन्हा कधीच सापडले नाहीत. त्या दोघांच्या उपकरणांत दोष असल्याचे कोणी म्हणाले नाही. चुकली ती पहिलीतल्या मुलालाही येणारी बेरीज. त्यानंतर क्वीन्सलँड राज्याने माणसे मोजण्याचे आणि ती मोजणी लेखी ठेवण्याचे नियम कडक केले. पुढे २०११ साली पाण्यातील खेळांच्या सुरक्षिततेसाठी तेथे स्वतंत्र कायदाच झाला. चांगला नियम मला असा वाटतो: स्वस्त, साधा आणि पाळला की नाही हे वहीत पाहून कळणारा.

आपल्याकडे काहीच नाही असे मात्र समजू नका. सिलिंडर भरणे आणि त्यांची ठरावीक मुदतीने दाबचाचणी करणे यासाठी २०१६ सालचे गॅस सिलिंडर नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. होड्यांचा विषय महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतो. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची आहे. साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या पुढाकाराने २०१८ साली आली आणि त्यांत स्कूबाचाही विचार आहे. गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. अडचण अशी की सिलिंडर एका कचेरीत, होडी दुसऱ्या कचेरीत आणि माणूस तिसऱ्या कचेरीत! पाण्यात मात्र हे तिन्ही एकाच दोराला बांधलेले असतात.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. पाण्याखालचा सगळा धोका मागे टाकून ती माणसे किनाऱ्याकडे निघाली होती. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्र खवळू लागतो हे कोकणातला प्रत्येक तांडेल जाणतो. म्हणून 'स्कूबाची सुरक्षितता' म्हणताना केवळ मुखवटा आणि नळी यांचा विचार करून भागत नाही. होडीत किती माणसे, अंगावर जीवरक्षक जाकिटे आहेत की नाहीत, आज समुद्रात जायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे सारे एकाच परवान्यात यायला हवे.

तुम्ही म्हणाल, इतके नियम केले तर बिचाऱ्या स्थानिक लोकांचे काय? ही शंका रास्त आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. मालवणच्या समुद्रात पर्यटकांना खाली नेणारे बरेच जण मच्छीमार घरांतले तरुण आहेत. मासळी कमी झाली, म्हणून त्यांनी हा धंदा धरला. पाण्याचा प्रवाह, खडक आणि वारा त्यांना जेवढा कळतो तेवढा शहरातून आलेल्या प्रमाणपत्रधारकाला कळणार नाही. शिवाय परदेशी संस्था नवशिक्यांच्या बाबतीत एका प्रशिक्षकामागे चार जणांपर्यंत परवानगी देतात; आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एका पर्यटकामागे एक पाणबुड्या असतो. ही आपली पद्धत अधिक चांगली आहे आणि परवान्याने तीच सक्तीची करावी. पण इंग्रजी पुस्तक आणि भरमसाट फी अशी परीक्षा ठेवली तर हाच तरुण बाहेर फेकला जाईल आणि धंदा पैसेवाल्यांच्या हाती जाईल; किंवा तो चोरून चालेल, जे त्याहून वाईट. म्हणून परीक्षा मराठीत हवी, पाण्यात हवी, तिची फी शासनाने उचलावी. दाबाचे गणित त्याने कागदावर सोडवलेच पाहिजे असे नाही. पण घाबरलेल्या माणसाला श्वास रोखू न देता सावकाश वर आणणे आणि बेशुद्ध माणसाला होडीत घेऊन प्राणवायू देणे, हे त्याने दर वर्षी करून दाखवले पाहिजे.

दुसरी माझी मागणी तपासनिसाविषयी आहे. त्याने केव्हाही, न कळवता यावे, कॉम्प्रेसरजवळच्या हवेचा नमुना घ्यावा आणि निकाल केंद्राच्या दारावर मराठीत लावावा. आणि तिसरी, थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद. विमानांच्या बाबतीत अशा नोंदी होतात, त्यांचा अभ्यास होतो, आणि विमानप्रवास सुरक्षित होण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आपल्या किनाऱ्यावर कोणाचा कानाचा पडदा फाटला, कोणाची नळी तोंडातून निसटली, याचा हिशेब कोठेच जमा होत नाही. हिशेब नाही म्हणून अपघात नाहीत, असे मग खुशाल म्हणता येते. नोंद केल्याबद्दल शिक्षा नसावी, दडवल्याबद्दल असावी.

शिक्षकांना एक विनंती. सहलीचा बेत ठरवतानाच केंद्राकडून आरोग्याची प्रश्नावली मागवून घ्या, किनाऱ्यावर घाईघाईने भरू नका. दमा, फेफरे, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी विचारले पाहिजे. साधे पडसे असले तरी कानातील दाब सारखा करता येत नाही आणि दोन-तीन मीटरवरच कान ठणकू लागतो. त्या मुलाला त्या दिवशी वर होडीतच बसू द्या. मोठ्या प्रशिक्षण संस्था साधारण दहा वर्षांखालील मुलांना समुद्रात नेत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. वरच्या वर्गांतील जी मुले पुढे खरोखरीचे प्रशिक्षण घेऊन दिवसाला दोन-तीन डुबक्या मारतील, त्यांनी परतीच्या वाटेचाही विचार करावा. मालवणहून आंबोली घाट चढला की आपण सुमारे सातशे मीटर वर येतो आणि हवेचा दाब घटतो. अंगात उरलेल्या नत्रवायूला बुडबुडे व्हायला ती एक संधी असते. उथळ पाण्यातील एकाच छोट्या डुबकीनंतर याची फारशी काळजी नाही. अनेक डुबक्यांनंतर मात्र विमानापूर्वी निदान अठरा तास थांबण्याचा सल्ला दिला जातो, आणि घाटालाही तोच विचार लावून एक मुक्काम खालीच करणे बरे.

केंद्रावर पोहोचलात की आधी नोंदणीपत्र पाहायला मागा. सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख कोरलेली असते, ती मुलांनाच वाचू द्या. कॉम्प्रेसर कोठे आहे, हवा कोठून ओढतो, होडीवर प्राणवायूची बाटली आहे का, ती भरलेली आहे का, हेही मुलांनाच विचारू द्या. चांगल्या केंद्राचा माणूस अशा प्रश्नांनी खूश होतो, वही उघडून दाखवतो, कॉम्प्रेसरपाशी घेऊन जातो. 'एवढे काय विचारता मास्तर, रोज दोनशे माणसे नेतो' असे उत्तर मिळाले, तर मुलांना घेऊन सरळ सिंधुदुर्ग किल्ला पाहायला जा. तोही पाहण्यासारखा आहे.